जावयाच्या हाती सासूबाईंचा गुडघा

"रुपाली, तुझ्या आईचा गुडघा आज वाकला नाही, तर दवाखान्याची पाटी उतरवीन!" भिंगारच्या डॉक्टर सुनीलरावांनी बायकोसमोर छाती फुगवून जाहीर केलं. सत्त्याण्णव सालची गोष्ट. आखडलेले गुडघे हातानं मोकळे करण्यात त्यांचा हातखंडा; पण इथं हात लावायचीच पंचाईत!

"जावयाकडून पाय दाबून घिऊ? कुठं फेडू हे पाप!" सासूबाई छबूबाई ठणकावत होत्या. "आज न्हाई वाकला, तर सांच्याला मी आमच्या तिसगावच्या हाडवैद्याकडं जानार!"

झालं! डॉक्टरची सासू हाडवैद्याकडं गेली, तर सासरी कुठल्या तोंडानं जायचं?

पण सुनीलराव कसले हार मानतात! पुण्याच्या एका व्हिडिओ गेमवाल्याकडून त्यांनी कॉम्प्युटरला जोडायचा टोप आणला होता. डोक्यावर चढवला की डोळ्यांपुढं थेट बाग! पेशंट बागेत रमला की दुखणं विसरतो, तेवढ्यात गुडघा वाकवून घ्यायचा. शिवाय दाबणारा कोण, ते सासूबाईंना दिसणारच नाही!

"आई, पाय मनकर्णाबाई दाबणार आहेत," रुपालीनं थाप ठोकली. अशी कुणी बाई दवाखान्यात नव्हतीच.

छबूबाई तपासणीच्या टेबलावर बसल्या, टोप चढला. "अगं बया! झाडं चौकोनी हाईत की! आन् पानी कोन देतं यांना? पार वाळवलीत!" छबूबाई रमल्या. सुनीलरावांनी हळूच गुडघा धरला. तो चक्क वाकायला लागला!

"बाई, तुजा हात लई गुनाचा! आमचे जावईबापू म्हंजे नुसती बडबड!"

सुनीलराव दातओठ खात दाबत राहिले.

तेवढ्यात लाईट गेली! "रुपे, बागंत अंधार पडला गं!" म्हणत छबूबाईंनी टोप उपसला. बघतात तर काय, पाय जावयाच्या मांडीवर!

"अरं देवा! जावयानं पाय धरलं!" पाप फिटावं म्हणून छबूबाई टेबलावरून ज्या उतरल्या, त्या थेट गुडघे टेकून सुनीलरावांच्या पाया पडल्या.

"अगं आई, गुडघा वाकला!" रुपाली किंचाळली.

"मग? म्हटलं नव्हतं?" सुनीलराव हवेतच गेले. छबूबाई उठल्या, पुन्हा वाकल्या. "खरंच की! आता समद्या गावाला सांगते!"

आणि सांगितलंही. आठवडाभरात तिसगावची जीपभर माणसं लंगडत दारात! सुनीलराव टोप पुसून, बाह्या सरसावून तयार. "या! आधी कुणाचा गुडघा?"

"हात लावू नका! गावाचे जावई तुमी," पुढचे म्हातारबा दचकून मागं सरले. "छबूबाईनं सांगितलंय आमाला. तुमच्या पायावर डोकं टेकलं की गुडघा सुटतो म्हनं. पाय तेवढे फुडं करा."

सुनीलरावांनी एकदा टोपाकडं पाहिलं, एकदा बायकोकडं पाहिलं, आणि मुकाट्यानं मोजे काढले.