वाघळांच्या वडास सलामी दिधली त्याची हकिकत

श्रीगजानन कृपावंत असोत, आणि लिहिणाराचे हातून खऱ्याखेरीज काही न उतरो. शके सतराशे पाच, शोभननाम संवत्सरे, वैशाख मासी, एका दौलतीत वर्तमान जाहले ते ऐसे जे, हुजुरांचे मनात आले की राज्यातील झाडे, पाखरे, किडामुंगी ज्या प्रजेने आपली आपण राखिली, त्या प्रजेस लहान लहान अनुदाने द्यावी. मोठी अनुदाने मोठ्यांस आधीच पावली होती, सबब लहानच उरली होती. दरबारी पंडितांनी या कामास 'जैवविविधता' ऐसे भारदस्त नाव दिधले, आणि अर्थ कोणी पुसला नाही, सबब सर्वांस समजला.

त्या दौलतीत ओढ्याकाठी एक गाव, आणि थडीस एक थोर वड, आणि वडावर मोठ्या वटवाघळांची वस्ती. गावाची चाल ऐशी की वडाजवळ कोणी मोठ्याने बोलू नये, वरात आली तर वाजंत्र्यांनी वाद्ये काखेत मारून मुक्याने जावे. सारा कलकलाट वाघळांनी करावा आणि माणसांनी कुजबुजावे. सुभानजी पाटील या चालीचे राखणदार. त्यांचे स्वतःचे लग्नात सनई वाजली नाही, ते पत्नी ठकूबाई अद्याप बोलून दाखवीत. पुढे ओढ्याने वडाची मुळे उघडी पाडिली. आणखी एक पावसाळा गेला तर वड आडवा होणार, आणि पोटाशी पिले घेतलेली वाघळे कोठे जाणार, या चिंतेने पाटलांस अन्न गोड लागेना. मग त्यांनी दगडी बांधासाठी अनुदान मागितले, आणि ते मंजूर जाहले, आणि गावाने आनंदही हळूच केला.

परंतु दौलतीची रीत ऐशी की दिधलेले दिसले पाहिजे, आणि दिसल्यावर ऐकूही आले पाहिजे. सबब खासे कारभारी नरसोपंत पालखीत बसून, शाल-नारळ आणि दोन तोफा घेऊन वडाखाली दाखल जाहले. तोफांची तोंडे आभाळाकडे लाविलेली पाहून पाटील लगबगीने उठले. ते पुढे जाहले, हात जोडिले, आणि गावच्या चालीप्रमाणे कुजबुजले, "सरकार, तोफ नगं. पिल्लं हाईत वर." पंतांचे कानी काहीच गेले नाही. ते म्हणाले, "पाटील, इतके संकोचू नका. मान तुमचाच आहे." पाटील आणखी वाकले, पंत आणखी प्रसन्न जाहले, आणि शाल पाटलांचे खांद्यावर पडली. तो ठकूबाई मागून दबक्या आवाजात म्हणाल्या, "अवो, वरडा की! तुमी वरडलात तर चार उडतील. त्यो बार झाला तर समदं झाड मोकळं व्हईल!"

"झाडाखाली वरडू कसा?"

"मंग मी वरडू?"

"तू तर मुळीच नगं!"

ऐसा दोघांचा तंटा कुजबुजत चालिला. मग पाटलांनी मन घट्ट केले, छाती भरून श्वास घेतला आणि तोंड उघडिले. परंतु जन्माची सवय आडवी आली आणि आतून निव्वळ वारा निघाला. तोच गोलंदाजाने बत्ती दिधली.

सारा वड एकदम उठला आणि भर दुपारी उन्हावर सावली पडली. पंत टाळ्या पिटून म्हणाले, "वाहवा! मानवंदना छान बसविली आहे!" आणि खाली पिले टपटप पडू लागली. ठकूबाई पदर पसरून धावल्या, मागोमाग गावच्या बाया धावल्या. पदरात आली ती थोडी, मातीत गेली ती फार. पाटील ती शाल अंगावर घेऊन तैसेच उभे राहिले आणि रडले. फार वाईट जाहले.

मग वाघळे राजधानीत पंतांचेच आमराईत जाऊन राहिली. आंबे खाल्ले म्हणून पंतांनी प्रथम शिव्या दिधल्या, आणि मग त्यांस सुचले, आणि वाघळे राखिल्याबद्दल त्यांनी स्वतःसाठीच अनुदान मागितले, आणि तेही मंजूर जाहले. मात्र येथे सलामी देऊ नये, पंतांची वामकुक्षी मोडते, ऐसा हुकूम निघाला.

एवंच, दौलतीस कीर्ती, पंतांस अनुदान आणि गावास बांध, ऐसे ज्याचे त्यास पावले. बांध पक्का आहे, वडही उभा आहे. पाटील हल्ली त्याखाली बसून चारचौघांसारखे मोठ्याने बोलतात, आणि ठकूबाई अजून वर पाहून म्हणतात, "अवो, हळू."