पडेगाव, तळमजला

शेषराव कोळेकरांना "काय, बरं आहे ना?" असं विचारायची सोय नव्हती. विचारलंत की दोन्ही हात पँटच्या शिवणीला लावून ते ताठ उभे राहत आणि साहेब तपासणीला आल्यावर हुशार पोरगं उत्तर देतं तसं खणखणीत सांगत, "मंगळवार. उन्हाळा. पडेगाव. तळमजला."

आमच्या कॉलनीतली सगळी घरं बैठी. तळमजल्याशिवाय दुसरा मजलाच नाही. पण शेषरावांनी तो कधी गाळला नाही. एका लग्नात नवरदेवाच्या बापानं त्यांना मिठी मारून तब्येत विचारली. हे म्हणाले, "रविवार. उन्हाळा. मंगल कार्यालय. पहिला मजला." त्या बिचाऱ्याला वाटलं, जेवण याच मजल्यावर आहे. तो चारदोन पाहुण्यांना घेऊन पहिलंच दार ढकलून नवरीच्या खोलीत शिरला.

आज आमच्या भागात कोळेकरांचं नाव काढलं की लोक कपाळाजवळ बोट फिरवतात. म्हातारा गेला कामातून, स्वतःचं घर विसरतो, असं म्हणतात. हे खोटं आहे. खोटं आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि मी गप्प राहिलो. कधी कधी चारचौघांत हसलोसुद्धा. आता बोलायला हरकत उरलेली नाही, म्हणून जे खरं आहे ते लिहून ठेवतो.

मी साळवे. त्यांचा शेजारी, मध्ये एक भिंत. आयुष्यभर पाटबंधारे खात्यात धरणांच्या फायली सांभाळल्या आणि निवृत्तीनंतर प्लॉट घेतला तो नेमका टँकरच्या गावात. शेषराव मूळचे देवगाव रंगारीचे. घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं. स्वतः मात्र जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते, त्यामुळे माणसाकडं बघायची नजरही तीच राहिली. सकाळी भिंतीवरून डोकावून म्हणायचे, "जयभीम, साळवे भाऊ. आज तुमच्या नाकाला ओल नाय दिसत. ताप हाय का?"

त्यांची बायको गिरजाबाई विसरायला लागली. आधी भाजीत मीठ दोनदा, मग अजिबात नाही. मग एके दिवशी ती दुकानातून परत येताना आमच्याच दारात उभी राहून "कोळेकरांचं घर कुठं हाय वो?" असं माझ्या बायकोला विचारत होती. शेषराव तिला घेऊन शहरातल्या मोठ्या दवाखान्यात गेले. तिथं एक तरुण डॉक्टरीणबाई स्मरणशक्तीवर संशोधन करत होत्या. विसरणाऱ्या माणसांचं रक्त तपासायचं, मेंदूचे फोटो काढायचे, ठरावीक काळानं तेच प्रश्न पुन्हा विचारायचे. आणि ताडून बघायला त्याच वयाची धडधाकट माणसंही त्यांना हवी होती. मॅडमनी शेषरावांनाच विचारलं.

त्या दिवशी ते रिक्षातून उतरले तेच ओरडत. "भाऊ! मी कंट्रोल हाय, कंट्रोल!"

"म्हणजे काय झालं?"

"व्हायचंय काय? आजारी माणूस किती बिघडला ते कशावरनं ठरवणार? माझ्यावरनं! तागडीतलं वजन म्हंजी मी. वजनच खोटं निघालं तर सगळा बाजार खोटा."

आणि त्यांनी गल्लीत पेढे वाटले. दहावीला तीनदा बसलेला माणूस. डोक्याच्या जोरावर त्याची कुठं निवड व्हायची ही पहिलीच वेळ. पेढा घेऊन गिरजाबाईनं विचारलं, "कुणाचं लगीन हाय?"

मग सुरू झाला अभ्यास. दवाखान्यात वार, ऋतू, गाव, मजला विचारतात, म्हणून दिवसभर तेच. पाच शब्द सांगतात आणि थोड्या वेळानं परत म्हणून दाखवायला लावतात, म्हणून टँकरच्या रांगेत तेही पाठ: "कंदील, बाभूळ, रेशीम, घोंगडं, जांभूळ." ती दुष्काळाची वर्षं. एकीकडं शहर आमच्याकडं सरकत होतं, शेतं बुजवून प्लॉट पडत होते, कमानींवर विहार, व्हॅली अशी नावं झळकत होती; दुसरीकडं एका टँकरसाठी अर्धी सकाळ रांगेत जात होती. एवढ्या वेळात बायकांचेही ते शब्द पाठ झाले. भांडण लागलं की एक म्हणायची, "तुला काय कळतंय गं, कंदील-बाभूळ!"

परीक्षेत घड्याळही काढायचं असतं. मॅडम म्हणतील ती वेळ दाखवायची. पहिल्यांदा त्यांनी पावणेतीन सांगितली होती, म्हणून शेषराव खडूनं प्रत्येक ड्रमवर घड्याळ काढत आणि पावणेतीन वाजवत. टँकरवाला रहीमभाई एकदा वैतागून म्हणाला, "चाचा, मैं सुबह आऊं या शाम को आऊं, तुम्हारे यहां पौने तीनच बजते!"

"बराबर हाय ना पण? काटे बघ. ल्हाना काटा कसा तिनाच्या अलीकडं घेतलाय."

"काटे एकदम बराबर है. पाइप पकडो."

ते नुसते परीक्षेवर थांबले नाहीत. वर्तमानपत्रात वैद्यकीय संशोधनाची ओळ दिसली की भिंतीवर त्यांचं डोकं उगवायचं. "भाऊ! नवं संशोधन!" गाढ झोपेत मेंदू आपला कचरा धुऊन काढतो असं वाचलं त्या दुपारी त्यांनी गल्लीच्या तोंडाला खाट आडवी टाकली आणि भंगारवाल्याला परत पाठवलं. "आत मेंदूची धुलाई चालू हाय. चार वाजता ये." ऐकू कमी येणाऱ्याला विसराळूपणा लवकर गाठतो असं कळलं तेव्हा पदरमोड करून गिरजाबाईला कानाचं मशीन आणलं. ते कानात बसवताच ती दचकून म्हणाली, "कोण वरडतंय एवढं?" तो शेषरावांचा नेहमीचा आवाज होता. तेव्हापासून ते तिच्याशी हळू बोलायला शिकले. नवी भाषा शिकल्यानं मेंदू तल्लख राहतो हे वाचून त्यांनी रहीमभाईकडं उर्दू लिहायला सुरुवात केली. टँकर रिकामा होईपर्यंत बोनेटवरच्या धुळीत बोटानं अलिफ, बे.

एकदा रक्ताच्या तपासणीची बातमी आली. आजार दिसायला लागायच्या कितीतरी आधीच त्याची खूण आता रक्तात सापडते, असं त्यात होतं. शेषराव त्या दिवशी भिंत चढूनच आले. डोळे नुसते चमकत होते. "भाऊ, रगतात! आधी डोस्कं उघडल्याबिगर कळत नव्हतं. आता थेंबात कळतंय! म्हंजी औषध बी आलं समजा. आज नाय तर उद्या. नाय का?"

मी "हो" म्हणालो. भिंतीपलीकडं गिरजाबाई रिकाम्या सुपात काहीतरी पाखडत होती.

पुढं एक घोटाळा झाला. मॅडमना आणखी निरोगी माणसं हवी होती. शेषरावांनी आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांची जीप भरून नेली. मॅडमनी पहिल्या म्हातारीला बसवलं आणि म्हणाल्या, "आजी, मी आता पाच शब्द सांगणार आहे." आजी म्हणाली, "सांगायला कशाला पायजे? कंदील, बाभूळ, रेशीम, घोंगडं, जांभूळ." दुसऱ्यानंही तेच. तिसऱ्यानं तर खिशातून खडू काढून टेबलावरच पावणेतीन वाजवले. मॅडमनी कपाळाला हात लावला.

मीही त्या जीपमध्ये होतो; बाहेर येऊन शेषराव मान खाली घालून मला म्हणाले, "भाऊ, पेपर फुटला."

सगळी जीप तशीच परत आली. मॅडमनी शब्द बदलले. संशोधनाला धक्का लागला म्हणून शेषराव दोन दिवस नीट जेवले नाहीत. रांगेत शब्द म्हणणं त्यांनी त्या दिवशी सोडलं. "चोरून पास व्हायचं नाय. ह्ये औषधाचं काम हाय. मी लबाडी केली तर कुणालातरी चुकीची गोळी जाईल."

हे त्यांचं वाक्य लक्षात ठेवा. कारण त्यानंतर जे झालं ते माझ्या डोळ्यांदेखत झालं.

त्यानंतरच्या एका खेपेला मी दोघांसोबत गेलो होतो. नेहमी दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत विचारत. त्या दिवशी गिरजाबाई शेषरावांचं मनगट सोडेना. मॅडम म्हणाल्या, "बरं, बसू दे दोघांना. काकूंचं आधी घेऊ."

वार तिला आला नाही. गाव आलं नाही. घड्याळाचे आकडे तिनं सगळे एका बाजूला गोळा केले, आणि हातातल्या पेन्सिलीकडं बघत राहिली. पूर्वी तिला आपण चुकतोय हे कळत नसे. त्या दिवशी कळलं. ती नवऱ्याकडं वळली. "अवो, मला कायच येत नाय का?"

मॅडम घाईनं म्हणाल्या, "असं नाही, काकू. आता काकांना विचारू हं. काका, आज वार कोणता?"

शेषराव सवयीनं ताठ झाले. हात शिवणीला गेले. तोंड उघडलं. आणि मिटलं.

"वार... शुक्रवार असंल," ते म्हणाले.

मंगळवार होता.

"ऋतू?"

"पावसाळा."

बाहेर रस्त्यावरचं डांबर वितळत होतं. शब्द पाचांतला एकही आला नाही. घड्याळाचे आकडे त्यांनीही एका बाजूला गोळा केले. गिरजाबाई वाकून तो कागद बघत होती. बघता बघता तिला हसू फुटलं. कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं असं. "अगं बया! यांना बी येत नाय!"

मॅडमनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "काका, तुम्हाला आता कंट्रोलमध्ये ठेवता येणार नाही." शेषरावांनी नुसती मान हलवली.

घरी आल्यावर गिरजाबाई आत गेली तसं मी फाटकात त्यांना धरलं. "शेषराव, खरं सांगा. आज वार कोणता?"

"मंगळवार. उन्हाळा. पडेगाव. तळमजला." मग डोळे पुसत म्हणाले, "ती एकलीच नापास व्हत होती की वो. कळपातनं मेंढरू एकलं पडलं का चारा खात नाय, नुसतं वरडतं. त्याच्यापाशी दुसरं नेऊन बांधावं लागतंय."

"आणि संशोधन?"

त्यांचा चेहरा पडला. "त्येचंच लागलंय मनाला. पर तुम्ही कुणाला बोलू नका. तिच्या कानावर गेलं तर ती परत एकली पडंल."

मी शब्द दिला. आणि गल्लीला बातमी लागायला वेळ लागला नाही: कोळेकरांचंही गेलं. दुकानदार त्यांच्या हातात सुटे पैसे ठेवून त्यांची मूठ मिटून द्यायला लागला. पोरं मुद्दाम चुकीचा वार सांगायला लागली. मंगळवार-उन्हाळा बंद झालं. कुणी तब्येत विचारली की ते बावळटासारखं हसत, आणि लोक बिचारा म्हणत. मीही हसायचो, शंका येऊ नये म्हणून.

पण घरात भलतंच घडत होतं. महिना-दीड महिन्यानं भिंतीवर डोकं आलं, जुन्या जोषात, फक्त कुजबुजत. "भाऊ! नवं संशोधन! कुठल्याच पेपरात आलेलं नाय!"

"काय?"

"ती मला सांभाळायला लागली!"

खरंच होतं. नवऱ्याला काही सुचत नाही म्हटल्यावर गिरजाबाई उठून बसली होती. त्यांची बटणं लावायची, चुकीच्या काजात का होईना. सकाळी बजावायची, "अवो, आज गुरुवार हाय, ध्यानात ठिवा," आणि तो सोमवार असायचा. शेषराव म्हणायचे, "व्हय गं, बरं झालं सांगितलंस." दवाखान्याच्या खेपेला तर बघण्यासारखं असे. दौलताबादचा रस्ता तोवर रुंद झालेला, ट्रक नुसते सुसाट. कडेला आल्यावर ती त्यांचा हात घट्ट धरायची आणि दटावायची, "मला सोडू नका. हरवताल." ती ओढील तेव्हा ते पाऊल टाकत. मात्र दोन्ही बाजूंना गुपचूप नजर त्यांचीच असे.

अशी चांगली काही वर्षं गेली. आजार वाढतच होता, औषध आलं नाही. गेल्या उन्हाळ्यात गिरजाबाई गेली.

दिवस-कार्य उरकल्यावर एका सकाळी शेषराव इस्त्रीचा सदरा घालून माझ्या दारात. "चला, भाऊ. मॅडमकडं जायचंय. माझं खोटं काढून टाकायचंय."

मॅडमचे केस आता कानाशी पांढरे झाले होते. शेषरावांनी उभ्यानंच सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "कुणाला चुकीची गोळी तर नाय ना गेली?"

मॅडमनी त्यांची जुनी फाईल काढून चाळली. मग म्हणाल्या, "नाही, काका. कुणाला काही झालेलं नाही. तुमची ती उत्तरं मी काढून टाकते. पण नियमानं आज पुन्हा विचारावं लागेल."

मी बाहेर बाकावर बसलो. आतून आवाज येत होता, खणखणीत, पूर्वीचा. वार, ऋतू, गाव, मजला. पाचही शब्द. थोड्या वेळानं पुन्हा पाचही शब्द.

बाहेर आले तेव्हा मी विचारलं, "काय, पास?"

"पैकीच्या पैकी," शेषराव म्हणाले. मग सदऱ्याची बटणं चाचपत राहिले. सगळी बरोबर काजात होती. "आता कुणाला सांगू?"

पडेगावला रिक्षातून उतरलो. पलीकडं जायचं होतं. रस्ता बऱ्यापैकी मोकळा होता, तरी शेषराव हलेनात. वळून पाहिलं तर उजवा हात किंचित बाजूला धरून ते उभे होते, समोर बघत.

मी मागं आलो आणि तो हात धरला.

"मला सोडू नका, भाऊ," ते म्हणाले. "ट्रक जाऊ द्या. मंग निघू."