पहिल्या फेरीतला दरवान आणि मासारांचे वल्हे

स्वस्ति श्री. मिशिगन नामे गोड्या पाण्याचा जो समुद्र, त्याचे पश्चिम किनाऱ्यास ग्रीन बे म्हणोन शहर, आणि शहराचे ईशान्येस बेल्जियन कुळांची जुनी वस्ती. तेथे चर्चच्या हंड्याचे वल्हे कोणाचे हाती असावे, याजविषयी मासार घराण्यात सख्ख्या बहीणभावांत जो कलह माजला, आणि तो फुटबॉलच्या एका गड्यापायी कैसा माजला, त्याची हकीकत साद्यंत लिहिली असे. लिहिणार जातीने हजर होता, दोन्ही हंड्यांतले खाऊन बसला होता, सबब कोणाची भीड धरली नाही. ऐकणारांनी गंभीर चित्ताने ऐकावे, आणि हसू अनावर जाहल्यास तोंडास रुमाल लावावा.

तर त्या मुलखाची चाल ऐसी की, दरसाल वसंतात फुटबॉलच्या, म्हणजे हातांनी फेकण्या-झेलण्याच्या अमेरिकी खेळाच्या, बत्तीस दौलती अर्थात संघ एके ठिकाणी जमतात आणि विद्यापीठांतून निघालेले धटिंगण आळीपाळीने निवडून घेतात. यास ड्राफ्ट म्हणतात. गेल्या साली ज्याची फजिती मोठी त्याचा हात पहिला, हा न्याय. आणि मग दुसरे दिवशी अखबारनवीस उठून, ज्या गड्यांनी अद्याप पगारी चेंडूस हात लावला नाही त्यांस परीक्षेचे गुण देतात, आणि त्या गुणांवरून पुढले चार महिने घरोघर भांडणे चालतात. त्या साली ग्रीन बेच्या सरकारांनी पहिल्या फेरीत ऑटरबाख नावाचा एक अगडबंब गडी उचलला. याचे काम मध्यावर वाकून चेंडू आपल्या दोन पायांमधून मागे देणे आणि मग समोरून येईल त्यास, दाराशी दरवान उभा राहतो तैसे, अडवून धरणे, इतकेच. त्यास टाळी नाही, गाणे नाही. आणि त्याच वेळी फ्लोरिडाकडील एक झेलगडी, ज्याचे पाय भुईस लागत नाहीत म्हणोन ख्याती, तो शिल्लक होता. तो पुढल्याच पाळीस दक्षिणेचा गनीम शिकागोकर घेऊन गेला. तेव्हां वस्तीत हाहाकार जाहला आणि अखबारनविसांनी ग्रीन बेस ‘क’ दर्जा दिला.

वस्तीत राजश्री ऑर्व्हिल मासार म्हणोन मातबर असामी. संघाच्या दौलतीत यांचा समभाग एक. त्या समभागावर नफा नाही, तो विकता येत नाही, परंतु चौकटीत बसवून भिंतीस लाविला आहे, आणि त्याचे बळावर हे गृहस्थ स्वतःस संघाचे धनी समजत. शिवाय चर्चच्या बूयाचे वल्हे यांचे हाती. बूया म्हणजे कोंबडी, बैलाचे शेपूट, कांदे, बटाटे, कोबी सर्व एके हंड्यात घालून लाकडाच्या जाळावर अर्धा दिवस रटरटविलेला रस्सा. तो वसंतात विकून देवळाचे छप्पर दुरुस्त करावे, लोकांनी घरून बादल्या आणून भरून न्यावा, हा रिवाज. हंडा ढवळण्याचे वल्हे मेपलचे, पुरुषभर उंच, यांच्या तीर्थरूपांनी स्वहस्ते तासलेले. तीर्थरूप निवर्तते समयी वल्हे ऑर्व्हिलजींस देऊन गेले.

वास्तविक भावंडांत थोरली आर्लीनबाई. लग्न होऊन देल्फोस जाहल्या, वैधव्य आले, शाळेची पिवळी बस हाकून निवृत्त जाहल्या, परंतु दर वसंतात हंड्यापाशी हजर आणि दर वसंतात कांद्याच्या पोत्यावर नेमणूक. लहानपणी बापाचे शेजारी उभे राहून यांनी हंडा पाहिला, ऑर्व्हिल तेव्हां रांगत होता. तथापि वल्हे पुरुषांचे काम ऐसे ठरले आणि यांस कोणी पुसले नाही. बाईसाहेबांनी कधी तक्रार केली नाही. त्या बाकी सर्व गोष्टींविषयी तक्रार करीत, म्हणोन ही एक गोष्ट कोणाचे ध्यानात आली नाही.

ऐसियास ड्राफ्टचे दुसरे दिवशी, शुक्रवारी सायंकाळी, वस्तीच्या दारूखान्यात तळल्या मासळीचा दरबार भरला. ब्रँडीचे पेले फिरले आणि ऑर्व्हिलजींनी संघाच्या कारभाऱ्यांवर तोफ डागिली. त्यांचे म्हणणे, निवडीच्या वेळी गरज पाहू नये, जो सर्वांत गुणी शिल्लक असेल तो उचलावा. जमावाने माना डोलविल्या. तो कोपऱ्यातून आर्लीनबाई उठल्या आणि त्यांनी भर दरबारात जाहीर केले की ही निवड उत्तम, गेल्या साली आपला सेनापती, म्हणजे चेंडू फेकणारा गडी, चेंडू हाती येताच आडवा होत होता, त्यास आधी उभा राहू द्या, मग झेलणारे शोधा.

“अगं आर्ली, पहिल्या फेरीत दरवान घेतला त्यांनी! दरवान!” ऑर्व्हिलजी म्हणाले. “बाजारात जाऊन कोणी आधी कांदे घेतं का? आधी मांस घेतात.”

“बाबांच्या हंड्यात कांदाच आधी पडायचा.”

“तुला काय माहीत? तू कधी वल्हं धरलंयस?”

मासळी तळणाराने झारा थांबविला. बाईसाहेबांचे कान लाल जाहले, आणि वर्षानुवर्षे जे पोटात होते ते एकदम ओठांवर आले.

“नाही धरलं. कोणी दिलं? उद्या दे, मग बघ.”

मग फादर क्वेंटिन, जे केवळ मासळी खावयास आले होते, त्यांस मध्यस्थ करून करार ठरला तो ऐसा. उदईक दोन हंडे चढवावे. सर्व जिन्नस मेजावर मांडून बहीणभावांनी ड्राफ्टच्या रीतीने आळीपाळीने निवडावे. मिठाची मात्र दोघांस मुभा. ज्याचा हंडा आधी रिकामा होईल, त्याचे हाती तीर्थरूपांचे वल्हे कायमचे. दुसरा हंडा कोठला, ऐसी चिंता पडली, तेव्हां अग्निशामक दलाने आपला दिला. फादरांनी छपराचे कारण सांगोन फार विनवण्या केल्या, परंतु तोवर वस्तीत दोन पक्ष पडले होते आणि कोणी ऐकण्याच्या स्थितीत नव्हते.

शनिवारी उजाडता उजाडता चर्चच्या वाहनतळावर दोन जाळ पेटले. हवेत बर्फाची भुरभुर होती आणि लोक संघाच्या हिरव्या-पिवळ्या टोप्या घालून गर्दी करोन उभे. निवड पुकारण्यास फादर पायऱ्यांवर आले, तोच जमावाने त्यांची हुर्यो उडविली. कारण ड्राफ्टात पुकारणाराची हुर्यो उडविणे हा कदीम रिवाज, आणि त्यात धर्माचा अपमान नाही. फादर बिचारे कावरेबावरे जाहले. त्यांनी कागद वाचिला की, पहिल्या फेरीत आर्लीन देल्फोस यांची निवड, कांदे.

मोठा हशा पिकला. ऑर्व्हिलजींनी हसत हसत म्हाताऱ्या कोंबड्या उचलल्या, ज्यांवाचून बूयास बूया म्हणत नाहीत. आता येथे बाईसाहेबांचा पाय घसरला, तो लपविता येत नाही. त्यांचा पक्ष गरजेचा. गरज पाहती तर दुसरे पाळीस शेपटाचे मांस घ्यावे, हे त्यांसही कळत होते. परंतु हशा कानांत घुमत होता आणि अंगाचा तिळपापड जाहला होता, सबब हात मांसाकडे जाता जाता वळला आणि त्यांनी हट्टाने बटाटे घेतले. भावाने शेपूट घेतले. मग यांनी कोबी घेतला, त्यांनी गोमांस घेतले, आणि यांनी गाजरे, त्यांनी डुकराचे मांस, आणि यांनी सेलरी व मटार, ऐसे एकमेकांस खिजवीत मेज रिकामे जाहले. बहिणीकडे एक बोटभर मांस नाही आणि भावाकडे एक पान भाजी नाही. दोन्ही पक्षांनी आपापल्या सेनापतीचा जयजयकार केला, कारण जयजयकार करणाराने हंड्यात डोकावून पाहिले नव्हते.

त्याउपरी ढवळणे सुरू जाहले. ऑर्व्हिलजी मेपलचे वल्हे फिरवीत, आणि बाईसाहेब कोणाच्या तरी होडीचे मागून आणलेले वल्हे फिरवीत, ज्यास अजून सरोवराचा वास येत होता. दुपार होत आली आणि लोक बादल्या घेऊन रांगेत उभे राहिले. कोणाकडे आइस्क्रीमची रिकामी बादली, कोणाकडे रंगाची धुतलेली. रांगेत अग्रभागी श्रीमती बोदुएँ, वय नव्वदीपार, जिभेच्या फार तिखट. त्यांस दोन्हीकडील एक एक वाटी दिली.

श्रीमतींनी बहिणीची वाटी चाखली. “हे गरम पाणी आहे. भाज्या अंघोळीला बसल्यात.” मग भावाची चाखली. “आणि ही नुसती चरबी बुटांना चोळायची असेल ना, ऑर्व्हिल?”

श्रीमती बादली उपडी करोन तिजवर बसल्या, आणि मागील रांगही तैसीच बसली. एक बादली विकली गेली नाही. फादरांनी छपराकडे पाहिले आणि डोळे मिटले. मग उघडून म्हणाले, ड्राफ्टात अदलाबदलीचा मार्ग असतो, ऐसे ऐकतो. ही मसलत सर्वांस पसंत पडली, आणि तहाची बोलणी लागली.

ऑर्व्हिलजींनी कळविले की, अर्धे मांस घ्यावे, अर्धी भाजी द्यावी, वल्हे जिथल्या तिथे. बाईसाहेबांनी साफ नाकारिले. त्या होडीच्या वल्ह्यावर रेलून उभ्या होत्या, खांदे भरून आले होते, आणि घमेंड काही उतरली नव्हती. त्यांनी फादरांबरोबर दोन कलमे धाडिली. एक तर ऑर्व्हिलने सर्वांसमक्ष कबूल करावे की ऑटरबाखची निवड बरोबर होती आणि तिचा दर्जा ‘अ’. नाही तर बाबांचे वल्हे द्यावे. दोहोंपैकी एक. त्याउपरी सर्व भाजी त्याच्या हंड्यात.

फादर पाठमोरे जाहले मात्र, बाईसाहेबांस आपली चूक उमगली. काय हे मागून बसले? त्यांस वल्हे पाहिजे होते, वल्हेच पाहिजे होते, लहानपणापासून दुसरे काही नको होते. आणि भाऊ तर आता दोन शब्द बोलून सुटेल. शब्दास काय लागते? तो म्हणेल, बरोबर होती, ‘अ’, घ्या, आणि वल्हे फिरवीत राहील, आणि आपण पुन्हा पोत्यावर. फादरांस परत हाक मारावी ऐसे मनात आले, परंतु ते तोवर पोहोचले होते. बाईसाहेबांनी डोळे बुटांकडे लाविले.

ऑर्व्हिलजींनी कलमे ऐकली आणि वल्हे थांबविले. एकवार रांगेकडे पाहिले, एकवार भगिनीकडे. तोंड उघडले, ‘अ’ म्हणण्याजोगे उघडले, हे रांगेने पाहिले. मग मिटले. पुन्हा उघडले, पुन्हा मिटले. गडी घामाघूम जाहला.

“बोल की,” श्रीमती बोदुएँ बादलीवरून म्हणाल्या. “एक अक्षर तर आहे.”

“नाही बोलवत,” ऑर्व्हिलजी म्हणाले. “पहिल्या फेरीत दरवान! आणि तो पोरगा शिकागोला! खोटं कसं बोलू? आर्ली, वल्हं घे. घे बाई, घेऊन टाक. पण ‘क’ म्हणजे ‘क’. मेलो तरी ‘क’.”

आणि वल्हे रश्श्यातून उपसोन, टोपीने पुसोन, दोन्ही हातांनी पुढे केले. पक्षाभिमानी पुष्कळ पाहिले, परंतु बापाचे वल्हे देईन आणि मत देणार नाही ऐसा पाहिला नाही. विरुद्ध पक्षानेही टोप्या काढिल्या. बाईसाहेबांनी वल्हे घेतले. ते त्यांच्या कल्पनेहून पुष्कळ जड होते. त्यांस रडू आले आणि त्यांनी ते लपविले नाही. कांद्याचे निमित्त हाताशी होते, तेही केले नाही.

मग हुकूम सुटले. अग्निशामक दलाच्या जवानांनी भाजीचा हंडा उचलोन मांसाच्या हंड्यात रिता केला, जाळ वाढविला, मीठ पाहिले, आणि बाईसाहेब तळापासून ढवळू लागल्या. पहिल्या चार फेऱ्यांत वल्हे काठास आपटले. ऑर्व्हिलजी जवळ येऊन हळूच म्हणाले, “खांद्यानं नाही, कमरेतून. बाबा तसं करायचे.” बाईसाहेब म्हणाल्या, “माहितेय. तू रांगत होतास तेव्हा.” परंतु कमरेतून केले, आणि वल्हे फिरले. तोवर रांगेने बियर उघडली आणि ऑटरबाखविषयी नव्याने हातघाई सुरू जाहली. घटकाभराने हंड्यातून जो वास सुटला, त्याने ती आपोआप थांबली.

श्रीमती बोदुएँ यांनी चाखले आणि बादली पुढे केली. त्यांचे मागे सर्व रांग सरकली. सगळ्यांचे शेवटी, टोपी हाती धरोन, एक रंगाची बादली मागून घेऊन, राजश्री ऑर्व्हिल मासार चारचौघांसारखे उभे राहिले. हयातीत ते या रांगेत प्रथमच उभे होते. पाळी आली, भगिनीने पळीभर वाढले. त्यांनी तेथेच उभ्याने, बादलीस तोंड लावून खाल्ले. फार वेळ खाल्ले.

“तरी तो दरवान पहिल्या फेरीत घ्यायचा नव्हता,” ते म्हणाले, आणि रिकामी बादली पुन्हा पुढे केली.

येणेप्रमाणे हंडा रिकामा जाहला, छपराची बेगमी जाहली, आणि मेपलचे वल्हे वसंत ऋतूच्या त्या शनिवारी आर्लीनबाई देल्फोस, माहेरच्या मासार, यांचे हाती कुल अखत्यारासह दाखल जाहले. ड्राफ्टचा दर्जा वस्तीच्या दप्तरी ‘क’ असाच कायम राहिला, त्यास बाईसाहेबांनी हरकत घेतली नाही. त्या तेव्हां हंडा घासण्याचे काम भावास सांगण्यात गुंतल्या होत्या.