मेहुण्याशेजारी पालथा

जेवताना बोलू नये, असं माझी आई सांगायची. ते माशाच्या काट्यासाठी असावं असा माझा समज होता. पण काटा परवडला. अळकुडीचा मोठा घास गिळला की काटा खाली उतरतो. तोंडातून गेलेला शब्द मात्र सासुरवाडीचे सगळे ऐकतात आणि मग तो काही केल्या परत घेता येत नाही.

त्या रविवारी चर्चमधून आम्ही थेट सासूबाईंकडे जेवायला गेलो. दगडांच्या भट्टीत भाजलेलं डुक्कर होतं, नीरफणस होता, नारळाच्या दाट दुधात शिजलेली अळूची पानं होती. मी पुन्हा पुन्हा वाढून घेत होतो. सासूबाई पंख्यानं माशा हाकत होत्या आणि त्यांनी नेहमीचा विषय काढला. माझा मेहुणा पेनिआमिना पेआ कधी घेणार?

पेआ म्हणजे कमरेपासून गुडघ्यापर्यंतचं पुरुषाचं गोंदण. मध्ये कुठेच जागा सोडत नाहीत. (कुठेच म्हणजे कुठेच. याहून अधिक विचारू नका, आमच्या घरी पाद्रीबाबांचं येणंजाणं आहे.) पेनिआमिना हे वर्षानुवर्षं टाळत आला होता. कधी रग्बीचा मोसम असायचा, कधी चर्चच्या गाण्याची तालीम, कधी होडीला भोक पडलेलं असायचं. पण या वर्षी गावच्या पंचांत त्याला मानाची पदवी द्यायचं घाटत होतं आणि पदवीआधी पेआ झालाच पाहिजे, असं सासूबाईंनी मनाशी पक्कं केलं होतं.

"मी तयार आहे गं आई," पेनिआमिना हाडूक चोखत म्हणाला, "पण जोडीदार कुठाय? एकट्यानं कुणी पेआ घेतं का?"

हा त्याचा हुकमी एक्का. आमच्या बेटावर पेआ एकट्यानं घेत नाहीत. दोघं शेजारी शेजारी पडतात, आळीपाळीनं गोंदवून घेतात, एकमेकांना धीर देतात. आणि त्याच्या वयाचे सगळे केव्हाच गोंदवून मोकळे झाले होते.

तिथे मला अवदसा आठवली. मेहुणा पक्का भित्रा आहे हे मला ठाऊक होतं. तो काही पडत नाही, मग फुकटचा मान का सोडा?

"जोडीदाराचं काय घेऊन बसलास?" मी म्हणालो. "तू पालथा पड. तुझ्या शेजारी मी पडतो!"

पेनिआमिनानं माझ्याकडे पाहिलं. (त्याच्या मनात काय चाललं होतं, ते मला फार उशिरा कळलं. दाजी पक्का भित्रा आहे, तो काही पडत नाही, मग फुकटचा मान का सोडा, हेच.)

"ठरलं!" तो म्हणाला.

सासूबाईंचा पंखा थांबला. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "माझा एतुआले! माझा जावई!" त्या म्हणाल्या, "आजवर मी या माणसाला फक्त खाताना पाहिलं होतं!" आणि हंबरडा फोडून त्यांनी मला मिठी मारली.

माझी बायको सिनालेई माझ्या कानाशी लागली. "अहो, परवा डास मारलात, तळहातावर रक्त दिसलं म्हणून खाली बसलात. आठवतंय का?"

"तो मोठा डास होता," मी म्हणालो.

घरी आल्याबरोबर मी चौकशीला लागलो. बायकोनं स्वतः लग्नाआधीच मांड्यांवर बायकांचं गोंदण घेतलंय. त्या वेळी ती गाणी म्हणत होती म्हणे. "दुखतं का गं?" मी विचारलं. "दुखतं ना," ती म्हणाली आणि भांडी घासायला गेली. एवढ्यानं माणसाचं समाधान होतं का? मी तिच्या मागे गेलो. "आता नाही म्हटलं तर?"

"आत्ता नाही म्हणालात तर सहा महिने हसतील," ती म्हणाली. "पण एकदा पडून अर्धवट उठलात, तर मेल्यावरही हसतील. आणि तुमचं सोडा, पेनीचं काय? अर्ध्या गोंदणाच्या माणसाला पंचांत कोण बसू देईल? आई तोंड दाखवू शकणार नाही कुठे."

हे खरं होतं. अर्धवट सोडलेल्या पेआला आमच्याकडे एक वेगळं, वाईट नाव आहे आणि ते माणसाला मरेपर्यंत चिकटतं. मी बंदराच्या कचेरीतला कारकून. माझ्या टेबलावर अर्धवट राहिलेली कामं ढिगानं आहेत, त्यांची कुणाला लाज वाटत नाही. पण हे काम वेगळं होतं.

म्हातारे सांगतात, हे गोंदण दोन जुळ्या बहिणींनी समुद्र पोहून आमच्या बेटावर आणलं. त्यांच्याकडे निरोप होता, बायकांना गोंदा, पुरुषांना नको. वाटेत तळाशी एक छानसा शिंपला दिसला म्हणून त्यांनी बुडी मारली आणि वर आल्या तोवर निरोप उलटा झाला होता. (बायकांनी तो फारसा मनावर घेतला नाही, ही गोष्ट वेगळी.) एका शिंपल्यापायी आमच्या किती पिढ्यांच्या मांड्या सोलल्या गेल्या! पुढे मिशनरी आले, त्यांनी हे बंद करायचा पुष्कळ प्रयत्न केला. (मी तेव्हा असतो तर त्यांना मनापासून साथ दिली असती.) खलाशी आले आणि आमचा शब्द घेऊन गेले. आज जगभर ज्याला टॅटू म्हणतात तो आमचाच. शब्द तेवढा नेला, दुखणं इथेच ठेवून गेले.

गोंदणाऱ्या उस्तादाला आम्ही तुफुगा म्हणतो. आमचे तुफुगा चांगलेच म्हातारे, बोलायला कमी. ठरवाठरवीच्या दिवशी मी त्यांना गाठलंच.

"हत्यारं उकळता ना?"

"उकळतो."

"किती वेळ?"

"तुझे प्रश्न संपेपर्यंत."

"हातमोजे? शाई? चटईवर प्लास्टिक?"

"सगळं आहे. सरकारी माणूस येऊन बघून जातो."

"कुणी दगावलंय का आजवर?" मी शेवटी विचारलंच.

तुफुगा विचारात पडले. "माझ्या आजोबांनी ज्यांना गोंदलं, ते सगळे मेले."

"अरे देवा! कशानं?"

"म्हातारपणानं," तुफुगा म्हणाले.

पहिल्या दिवशी सगळं कुटुंब भोवती बसलं. खांबांचं उघडं घर, त्यामुळे रस्त्यावरून जाणारेही थांबून बघत होते. आधी पेनिआमिना पालथा पडला. दोघं मदतनीस त्याची कातडी ताणून धरत होते आणि तुफुगा दातेरी फणीवर काठीनं ठोकत होते. टक टक, टक टक. आणि पेनिआमिना गायला लागला! खणखणीत आवाजात, चर्चमधली सगळी गाणी ओळीनं. मी हबकलो. याला मी भित्रा समजत होतो? आता हा उठून पळणार नाही, म्हणजे मलाही पळता येणार नाही.

माझी पाळी आली. उशीत तोंड खुपसून पडलो. कमरेवर पहिली ठोक पडली आणि पुढचं मला काही सांगता येत नाही, कारण मी नव्हतोच.

जाग आली तेव्हा दिवसाचं काम संपलं होतं. सासूबाई डोळे पुसत होत्या. "हूं की चूं नाही केलं हो! नुसता दगडासारखा पडून होता!" शेजारीपाजारी कौतुकानं माना डोलवत होते. पेनिआमिनाचा चेहरा पडला होता. मी हळूच तुफुगांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हत्यारं धुवायला घेतली. त्यांना कळलं होतं. आता ते कुणाला सांगतात की काय, ही नवी धास्ती लागली.

पुढे रोज तेच. तो गायचा, मी दगडासारखा पडायचो. काम झालं की दोघांनी समुद्रात उतरायचं. मीठ झोंबायचं तेव्हा मात्र मी पुरता शुद्धीवर असायचो. मग घरी बायको गोंदलेली जागा दाबून दाबून चोळायची. आतलं खराब रक्त निघावं म्हणून चोळतात, पण लग्नानंतरचे सगळे हिशेब ती त्यात चुकते करत असावी. आणि गोंदण चालू असताना एकटं राहायचं नाही. पेनिआमिना संडासाच्या दाराशी उभा राहून मला धीर द्यायचा, मग मी त्याला.

आम्ही दोघं एकमेकांवर घारीसारखी नजर ठेवून होतो.

"तोंड उतरलंय रे तुझं," मी म्हणायचो. "थांबायचं असेल तर सांग हो, मी समजून घेईन."

"मला काय धाड भरलीय?" तो म्हणायचा. "दाजी, तुम्हीच लंगडताय. तुमच्यासाठी मी थांबायला तयार आहे."

"मी? छे!"

कंबर आणि उजवी मांडी झाली आणि एका सकाळी पेनिआमिना उठेना. अंग तापलेलं, मांडी लालभडक, सुजून टम्म. सासूबाईंनी आकांत मांडला. "कुणी एकटं सोडलं याला?" शेवटी त्यानंच कबूल केलं. मीठ झोंबतं म्हणून तो आमची नजर चुकवून केळीच्या बागेमागच्या डबक्यात आंघोळ करून आला होता.

त्याला गाडीत आडवं टाकून इस्पितळात नेलं. वाटेत मला खरंच भीती वाटली, माझी नव्हे, त्याची. तो गात नव्हता. डॉक्टरीणबाईंनी जखम धुतली, सुई टोचली, गोळ्या दिल्या आणि सगळ्यांना झापलं. "वेळेवर आणलंत म्हणून वाचला. हे विष रक्तात भिनलं असतं तर पाय काय, जीवही गेला असता." मग म्हणाल्या, "ताप पूर्ण उतरेपर्यंत गोंदण बंद. पुढे करायचं की नाही, ते तुम्ही ठरवा."

ते तुम्ही ठरवा! माझ्या काळजात घंटा वाजली. सुटका! डॉक्टरच म्हणतायत!

ताप उतरला तेव्हा पेनिआमिना खाटेवर बसून म्हणाला, "दाजी, तुम्ही म्हणाल तसं. तुम्ही थांबू म्हणालात तर थांबू."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सिनालेई चटईचा एक धागा उपसत बसली होती. मी पेनिआमिनाकडे पाहिलं. उजवी मांडी काळीभोर, डावी कोरी. विजारीत एकच पाय घातला आणि तेवढ्यात घराला आग लागली, असा दिसत होता बिचारा. मीही तसाच दिसत होतो. हा असाच राहिला तर पदवी गेली, मान गेला, आणि रोज आंघोळीला उतरला की सगळं गाव हसणार. मला एकदम रडू आलं.

"थांबायचं नाही," मी म्हणालो. "पण तू हवास शेजारी. मला एकट्याला भीती वाटते रे."

"मलाही वाटते," पेनिआमिना म्हणाला आणि तोही रडायला लागला. सासूबाईंनी आम्हा दोघांना एकदमच मिठी मारली. माझी मांडी दाबली गेली, पण मी ओरडलो नाही.

पुढचं सगळं रीतसर झालं. शेवटच्या दिवशी बेंबीभोवतीचं काम. त्या दिवशी उताणा असल्यामुळे की काय, मी पहिल्यांदाच पूर्ण शुद्धीत राहिलो. एवढा वळवळलो की चौघांनी धरलं. तुफुगांनी मान तिरकी करून माझ्या बेंबीकडे पाहिलं, काहीतरी पुटपुटले आणि म्हणाले, "बरं, झालं."

समारोपाला सगळं गाव जमलं. पंच बसले, पाद्रीबाबा बसले, तुफुगांना द्यायच्या उंची चटया उलगडल्या गेल्या. आमच्या अंगाला हळद घातलेलं खोबरेल चोपडलं होतं. पेनिआमिना भाषणाला उभा राहिला.

"मी पहिल्याच दिवशी पळणार होतो," तो म्हणाला. "ओरडणं ऐकू जाऊ नये म्हणून गात होतो. पण शेजारी दाजी पडले आणि हूं नाही की चूं नाही. मला माझी लाज वाटली. आज माझा पेआ पुरा झाला तो या माणसाच्या धैर्यामुळे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पंचांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. सासूबाईंनी शेजारणीला कोपरानं ढोसलं. सिनालेई माझ्याकडे अशी बघत होती की, लग्नातसुद्धा तिनं माझ्याकडे तसं पाहिलं नव्हतं. मी छाती काढून बसलो. एकच धाकधूक होती, तुफुगांच्या तोंडाची. पण ते गप्प होते. हातात अंडं घेऊन माझ्यामागे येऊन उभे राहिले.

शेवटी डोक्यावर कच्चं अंडं फोडतात, ही रीत आहे. मला माहीत आहे. लहानपणापासून किती वेळा पाहिलंय. मी डोळे मिटले. टाळूवर टक् झालं आणि कपाळावरून काहीतरी ओलं, चिकट, संथपणे खाली ओघळायला लागलं. हे अंडं आहे, मी स्वतःला बजावलं. एतुआले, हे अंडं आहे. ते भुवईपर्यंत आलं.

नंतर फार लांबून आवाज ऐकू यायला लागले. सासूबाई किंचाळत होत्या, कुणीतरी पाणी आणा म्हणत होतं, पेनिआमिना "दाजी, दाजी" करत होता. या सगळ्यातून तुफुगांचा शांत आवाज आला.

"घाबरू नका, आणि कुणी हलवू नका त्याला. पहिल्या दिवसापासून तो असाच पडतो. आणा ती हत्यारं इकडे. बेंबीजवळ एक रेघ राहिलीय, तेवढी ओढून घेतो."