देझिरे, म्हणजे कोणाला हवी?

जन्मलेल्या बालकाचे नाव फ्रेंच ठेवायचे असल्यास त्या नावाचा अर्थ बालकास लागू होतो की नाही याची खातरजमा करूनच दाखला द्यावा, असा आमच्याकडे गेल्या वर्षापासून नियम आहे. त्यासाठी साताऱ्यात नामार्थ पडताळणी कक्ष उघडला. एक टेबल, दोन खुर्च्या आणि मी, भाऊसो, कनिष्ठ सहायक. वरिष्ठ सहायक अजून नेमलेला नाही.

लोक म्हणतात, असला नियम कशाला? अहो, आमच्या टेबलावर बसून बघा एकदा! एका बहाद्दराला आजोबांचं धोंडिबा हे नाव गावंढळ वाटलं, म्हणून त्यानं पोराचं नाव पिएर ठेवलं. पिएर म्हणजे दगड. म्हणजे धोंडाच की हो, फक्त बारशाला दोनशे माणूस जेवलं. दुसऱ्या एका घरी पोर गोरीपान व्हावी म्हणून सुनेला नऊ महिने केशरदूध पाजलं आणि नाव हौसेनं ठेवलं मेलानी. अर्थ बघितला तर काळी. क्लॉद नावाचा एक मुलगा शाळेच्या शर्यतीत पहिला आला, तेव्हा दुसऱ्या नंबरवाल्याच्या बापानं लेखी तक्रार दिली की क्लॉद म्हणजे लंगडा, सबब नाव तरी खोटं आहे किंवा निकाल तरी. तिथून शासनाला जाग आली.

असो. प्रकरण क्रमांक सत्तावन्न. अर्जदार वीरधवल, मूळ गाव आमच्याच तालुक्यातली एक वाडी, नोकरी सांगलीला विश्रामबागेत. सोबत पत्नी सृष्टी. तिसरी मुलगी, वय पावणेतीन वर्षे, नाव नाही. तिसऱ्या खेपेला बारसं करायचं कोणाच्या मनात आलं नाही, म्हणून घरात तिला नुसतं बारकी म्हणत. आता विश्रामबागेतल्या एका बालवाडीत प्रवेश घ्यायचा होता आणि बालवाडीला बारकी चालत नव्हतं. तीस तारखेला प्रवेश बंद होणार होते. नावासकट दाखला नाही, तर पोरीचं वर्ष घरात जाणार.

"नाव?" मी विचारलं.

"देझिरे," वीरधवल म्हणाले. "आमच्या अख्ख्या अपार्टमेंटमध्ये कोणाचं नाही."

"अर्थ?"

त्यांनी बायकोकडं बघितलं. नाव बाईंनी शोधलं होतं, हे तिथंच कळलं.

"हवी होती ती," सृष्टीताई म्हणाल्या. "मनापासून मागितलेली."

मी लिहून घेतलं. मग नियमाप्रमाणे पुढचा प्रश्न विचारला. "हवी, म्हणजे कोणाला?"

यात माझा काही खोडसाळपणा नव्हता. दगडाला साक्षीदार लागत नाही, तो दिसतो. पण हवं असणं ही गोष्ट दुसऱ्या माणसाशिवाय होत नाही. त्यासाठी आमच्याकडे नमुना सात-ग आहे. त्यात दोन रकाने: इच्छुक क्रमांक एक, इच्छुक क्रमांक दोन. दोघांनी शपथेवर लिहायचं, की पाळणा हलण्यापूर्वी मला मुलगीच हवी होती. नंतर आवडली, हे ग्राह्य नाही.

सृष्टीताईंनी पहिल्या रकान्यात तिथंच सही केली, पेन मोडेल इतकं दाबून. मी नमुना वीरधवलांकडं सरकवला. त्यांनीही खिशातून पेन काढलं, पण माझी नजर त्यांच्या दाढीवर गेली. छातीपर्यंत आली होती.

"दाढी कशाची?"

"फॅशन आहे, साहेब."

"खरं सांगा. शपथेचा कागद आहे."

ते खाली बघायला लागले. "नवसाची."

"कसला नवस?"

"मुलगा झाला की काढायची."

"किती वर्षं वाढवताय?"

"थोरलीच्या वेळंपासनं."

मी त्यांच्या हातातलं पेन हळूच काढून घेतलं. माणूस वाईट नव्हता. येताना पोरीला कडेवर घेऊन तीन जिने चढला होता. पण एवढा मोठा विरोधी पुरावा तोंडावर घेऊन कोणी शपथपत्र करतं का?

मग नियमाप्रमाणे वाडीवर जाऊन पंचनामा केला. वीरधवलांचे वडील हंबीरराव फौजेतून सुभेदार होऊन आलेले. अंगणातल्या खुर्चीत ताठ बसून त्यांनी जबाब दिला. "मी फौजेत खोटी सही केली न्हाई, हितं कशी करू? तीनदा फटाक्याची माळ आणली, तीनदा माळ्यावर टाकली. लिवा."

मी लिहिलं. त्यांच्या पत्नी बनुबाई बारकीला मांडीवर घेऊन दूधभाकरी भरवत होत्या.

"आवं सायेब, मुली नकोत असं कुटं हाय आमचं? पण..."

"पण काय?"

"पण म्हंजे पण."

जबाबात तसंच नोंदवलं. बनुबाईंचा चेहरा उतरला. "आता तर हिच्याबिगर मला घास जात न्हाई! हे न्हाई का लिवायचं?"

"आताचं चालत नाही, आजी. जन्माच्या आधीचं लागतं."

त्यांनी पोरीचं तोंड पदरानं पुसलं आणि पुढचा घास तिला भरवायचा विसरल्या. पोरीनं तो स्वतःच हातानं घेतला.

कार्यालयात येऊन मी अहवाल तयार केला. पुरावे उत्तम जमले होते: एक दाढी, तीन माळा, एक 'पण' आणि पावणेतीन वर्षं न झालेलं बारसं. इतकं भक्कम प्रकरण माझ्या नोकरीत आलं नव्हतं. फक्त ते देझिरेच्या विरुद्ध बाजूला भक्कम होतं. जनतेची सोय पाहणं हे आमचं कर्तव्य, म्हणून मी सृष्टीताईंना बोलावून मार्ग सुचवला.

"ताई, कागदपत्रं बघता तुमच्या मुलीला नकुशी हे नाव आजच्या आज मिळू शकतं. एकही पुरावा कमी पडत नाही. नाव फ्रेंच नसल्यानं फीसुद्धा नाही."

त्यांनी माझा अहवाल टेबलावर पालथा घातला. मग म्हणाल्या, "त्या नावानं मी सातवीपर्यंत हजेरी दिली, साहेब. रोज. पोरं हसायची, गुरुजी वहीतनं वर बघायचे, आन् मी हजर म्हणायचे. सृष्टी हे नाव मला आठवीत मिळालं. माझ्या पोरीला मी हजर म्हणायला लावणार न्हाई त्या नावावर."

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण वाईट वाटण्याचा नमुना आमच्याकडे नाही.

तरी मी वर पत्र पाठवलं. आठ दिवसांत उत्तर आलं, ही त्यातली सर्वांत असाधारण गोष्ट. शासनानं उदार होऊन अट शिथिल केली. इच्छुक क्रमांक दोन घरातलाच असावा असं नाही. या मुलीसाठीच इच्छा धरलेली असावी असंही नाही. ज्यानं स्वतःच्या घरात कधीही, कोणत्याही वर्षी, पाळणा हलण्यापूर्वी मुलगी मागितली असेल असा कोणताही एक नागरिक चालेल.

"एकच?" सृष्टीताईंनी विचारलं. त्या पहिल्यांदाच हसल्या. "मग आज संध्याकाळपर्यंत आणते."

त्या वाडीत दारोदार फिरल्या. शेजारच्या सुलाबाईंनी चहा पाजला, नमुना वाचून घेतला आणि म्हणाल्या, "लय चांगलं काम हाय गं, सृष्टी. लक्ष्मी असतीया लेक म्हंजे! माझ्या घरात न्हवती मागितली, पण दुसऱ्याच्या घरात झाली की मला लय आनंद होतो बघ." मास्तरांनी मुलींच्या शिक्षणावर अर्धा तास सांगितलं आणि चष्मा सापडत नाही म्हणाले. सरपंचांनी ठराव करतो म्हटलं. मग त्या साताऱ्यात फिरल्या, सांगलीत फिरल्या, विश्रामबागेतल्या आपल्या अपार्टमेंटमध्ये वीस दारांच्या घंटा वाजवल्या. एलोडीचे पप्पा भेटले, क्लोएची मम्मी भेटली. मुलगा-मुलगी आम्ही एकच मानतो, असं सगळ्यांनी सांगितलं. मग सही करता का, म्हटल्यावर ह्यांना विचारून सांगते, तिला विचारून सांगतो, असं झालं.

काल, अठ्ठावीस तारखेला, त्या परत आल्या. पायातली चप्पल तुटली होती, पिन लावलेली. बारकी खांद्यावर झोपली होती. नमुना त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला. दुसरा रकाना कोराच.

"साहेब, तुमीच करा की हो," त्या म्हणाल्या. "तुमाला तर नियम सगळे ठावं हायत."

मी पेनाचं टोपण काढलं. देवाशपथ काढलं. मला दोन मुलगे आहेत. दोन्ही वेळेला दवाखान्याच्या बाकावर बसून मी काय मागत होतो, ते मला चांगलं आठवतं. शपथेवर खोटं लिहिलं तर नोकरी जाते. मी टोपण लावलं आणि उद्या बघू म्हणालो.

तीस तारखेला सायंकाळी पावणेसहापर्यंत कार्यालय उघडं आहे. तुम्ही इथवर वाचलंत, आमच्यावर हसलात, म्हणजे तुम्ही आमच्यातले नाही. तुमची तर सही असणारच. येताना आधार कार्ड आणा, पेन मी देतो.