बुडालेल्या शहरात आगाशेबाई

आगाशेबाई व्हिडिओ गेममधल्या शत्रूला मारत नाहीत. त्याला मार्क देतात.

म्हणजे असं, की पडद्यावर समोरून एक गोगलगाय येते. पाठीवर शंख, शंखावर पेटता कंदील आणि डोळ्यांत खुन्नस. खेळाचा रिवाज असा, की उडी मारून तिच्या टाळक्यावर पडायचं, ती खल्लास, आपली वाट मोकळी. दुसरीतलं पोरसुद्धा हेच करेल. बाई मात्र आपल्या गड्याला जागच्या जागी उभं करतात, कपाळावरचा चष्मा नाकावर आणतात आणि म्हणतात, "शंखाची गोलाई बघ. बासष्ट." तोवर गोगलगाय येऊन आमच्या गड्याला आडवं करते. बाईंना त्याचं काडीचं दुःख नाही. मेलं की खेळ तुम्हाला मागे नेऊन ठेवतो, आणि मग मागचं सगळं पुन्हा बघायला मिळतं.

बाई मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवून रिटायर झालेल्या. लग्न केलं नाही. का, असं विचारलं तर "राहून गेलं" म्हणतात, मंडईतून कोथिंबीर आणायची राहून जावी तसं. शाळेतल्या पोरांच्या त्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षा असतात ना, त्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे त्यांनी वर्षानुवर्षं तपासले. सत्तरच्या वर मार्क म्हणे कुणाला दिले नाहीत. सत्तरच्या वरचे देवासाठी राखीव, आणि तेही देवाने काढलेली झाडं नीट तपासून मग.

मी त्यांची भाडेकरू. सदाशिव पेठेतल्या त्यांच्या फ्लॅटची मागची खोली माझ्याकडे. नोकरी हिंजवडीला, एका आयटी कंपनीत; दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या आणि शिव्या खायच्या. मी अमरावतीची, म्हणून बाई मला "अमरावती" अशीच हाक मारतात. माझ्याआधी त्या खोलीत लातूर होती, तिच्याआधी नांदेड. माझं खरं नाव त्यांना माहीत आहे, पण त्यांचं म्हणणं, पोरी लग्न करून नावं बदलतात, कशाला उगाच पाठ करायची. पहिले काही महिने मला या बाईचा भयंकर राग यायचा. आमच्याकडे पाहुणा आला की आधी पाणी देतात, इथे आधी विचारतात, "काय काम काढलंत?"

मग माझी स्कूटर टिळक रोडवर घसरली आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. ऑफिसला सुट्टी, आई-बाबा तिकडे लांब, आणि मी पलंगावर लॅपटॉप घेऊन पडलेली. एरवी माझ्या खोलीत पाऊल न टाकणाऱ्या बाई रोज मऊ भात घेऊन येऊ लागल्या. भात ठेवायचा, "उशी नीट घे" म्हणायचं आणि जायचं. एका दुपारी त्या ताट हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. मी गेम खेळत होते. बुडालेलं एक शहर, आणि त्यातून धावत-उड्या मारत जाणारा लांब कानांचा, अंगावर फाटकी घोंगडी घेतलेला एक इवलासा प्राणी. एका बाजूने शिरायचं आणि दुसऱ्या बाजूने निघायचं, बस.

"हे कुणी काढलंय?" बाईंनी विचारलं.

मी म्हटलं, कॉम्प्युटरवर असतं हो असं. झालं. बाईंचा चेहरा असा झाला, की जणू मी त्यांच्या अंगावर शाईची दौत उपडी केली. कॉम्प्युटर दाखवतो, काढत नाही, त्यांनी मला बजावलं. काढायला माणूस लागतो. मी नाइलाजाने गेमची माहिती उघडली, तर बाईंचंच खरं निघालं. तिघा जणांनी काही वर्षं खपून एकूण एक पान, एकूण एक वीट कागदावर शाईने काढली होती आणि मग ती आत घातली होती. मी तो गेम तीन आठवडे खेळत होते आणि मला हे ठाऊकच नव्हतं. मी फक्त पुढे पळत होते.

बाई पलंगाच्या कडेला बसल्या. भात गार झाला.

त्या दिवशी बाईंनी मला माझाच गेम दाखवला. पाण्याखाली दोन घरांच्या मध्ये दोरी बांधलेली आणि तिच्यावर वाळत घातलेले कपडे हळूहळू हेलकावताहेत. मी तिथून कितीदा गेले असेन. बाई म्हणाल्या, घाईत गेलेली दिसते घरातली बाई, कपडे काढायचे राहिले. मी बघतच राहिले. वरून प्रकाशाचे तिरपे पट्टे येत होते, आपला गडी धावला की तळातला गाळ उठत होता आणि मागे पुन्हा बसत होता. एका खिडकीत कुणीतरी ठेवलेली बशी होती, तिला टवका उडालेला होता. कुणाला दिसणार होता तो टवका? पण काढलाच होता. अंगावर काटा आला माझ्या. एवढं सगळं कुणीतरी बसून, मान मोडून केलं, आणि मी गोगलगायी चेचत पुढे चालले होते.

पुढे माझा पाय बरा झाला, पण बाईंचा गेम सुटला नाही. ऑफिसचा लॅपटॉप वेगळा होता, त्यामुळे माझा लॅपटॉप आणि हातात धरायचा बटणांचा कंट्रोलर त्यांच्याकडेच मुक्कामाला गेले. लांब कानांच्या त्या प्राण्याचं नाव त्यांनी गुंड्या ठेवलं. दुपारची झोप झाली की चारला चहा आणि चार ते सहा गुंड्या. मी घरून काम करायचे त्या दिवशी मलाही हजर राहावं लागे. दारावर पाटी लागली: "आगाशे. चार ते सहा बेल वाजवू नये. आतील व्यक्ती उडीत असते."

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी लेले ही पाटी वाचूनही बेल वाजवणारे. निवृत्त बँक अधिकारी, हसणं तारण ठेवून आलेला माणूस. टाकी धुण्याबद्दल बोलायला आले होते. बाईंनी त्यांना खुर्चीत बसवलं आणि गुंड्याला एका बुडालेल्या जंगलातून चालवत विचारलं, सांगा बघू, पुढची झाडं भराभर मागे जातात आणि लांबची हळू, असं का? लेले आधी घड्याळाकडे बघत होते. मग म्हणाले, आगगाडीतून दिसतं तसं. मग खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाले, तो डोंगर तर हलतच नाही. अंधार पडल्यावर गेले, टाकीचं नावही न काढता. दुसऱ्या दिवशी बरोबर चारला हजर. टाकीबद्दलच बोलायचंय म्हणाले, आणि बसले.

असं सगळं सुखात चाललं असताना ती दरी आली.

दरी म्हणजे शहराच्या टोकाला सगळं संपतं आणि खाली नुसता काळोख असतो. वरून पाणवेलीची पानं तरंगत खाली येतात. एका पानावरून दुसऱ्यावर उड्या मारत पलीकडे जायचं. बटण दाबून धरायचं आणि नेमक्या क्षणी सोडायचं, एवढंच. पण बाईंचा अंगठा नेमक्या क्षणी सुटत नव्हता. कधी आधी, कधी नंतर. गुंड्या पडायचा, उभा राहायचा, पुन्हा पडायचा. आठवडे गेले. आता बाई मार्क देईनात. लेल्यांनी सुद्धा यायचं कमी केलं, बघवत नाही म्हणाले.

मी केव्हाच पलीकडे जाऊन आले होते. काय आहे ते सांगायला बाईंनी सक्त मनाई केली होती. मी दोनदा म्हटलं, द्या इकडे, अर्ध्या मिनिटात नेते त्याला. पहिल्यांदा त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दुसऱ्यांदा म्हणाल्या, एवढी वर्षं शिकवलं पण मुलींच्या कागदाला कधी हात लावला नाही. चुकलं तर बोट दाखवायचं, पेन्सिल आपण घ्यायची नाही. नाहीतर ते चित्र तिचं राहत नाही. तेव्हा तूही बोटच दाखव. मी बोट दाखवत बसले. आतून जीव जळत होता माझा. त्या बाईला पलीकडचं बघायचं होतं, एवढंच तर बघायचं होतं.

एका गुरुवारी मी घरी होते. चार वाजले, चहा झाला, पण बाईंनी लॅपटॉप उघडला नाही. सकाळी दवाखान्यात जाऊन आल्या होत्या. दोन्ही हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या, आणि तेव्हा मला पहिल्यांदा नीट दिसलं, की उजवा हात गप्प बसत नव्हता. वयाने होत असेल असं मी समजत आले होते. बाई सांगू लागल्या, अगदी भाजीचे भाव सांगावेत तशा. आजाराला नाव आहे, गोळ्या आहेत, पण हात पहिल्यासारखा व्हायचा नाही. वर्ष झालं, त्यांनी कागदाला पेन्सिल लावलेली नाही. शेवटी एक जास्वंद काढायला घेतली होती. देठच काढता आला नाही.

"कागदावर रेघ पडली की पडली गं," त्या म्हणाल्या. "इथे गुंड्या पडला तर उभा करतात. कुणी काही बोलत नाही. म्हणून बसत होते."

कामावर दिवसभर मी लोकांना चुका दाखवते. इथे दाखवण्यासारखं काहीच नव्हतं. मी नुसती त्यांच्याजवळ सरकून बसले. थोड्या वेळाने त्यांनीच लॅपटॉप उघडला, कंट्रोलर उचलला आणि माझ्या हातात ठेवला.

"ने त्याला. मी बघायला आलेय, उड्या मारायला नाही."

मी नेलं. पहिल्या खेपेला तर मीच पडले, पण नेलं.

पलीकडे एक मासा झोपलेला आहे. एवढा मोठा, की पडद्यावर मावत नाही. आपण त्याच्या पोटाखालून चालत राहतो, चालत राहतो, आणि वर नुसते खवले, खवल्यामागून खवले, एकासारखा दुसरा नाही. संगीतही थांबतं. मारायला कुणी नाही, उड्या मारायला काही नाही. मग डोकं येतं. आणि तो डोळा उघडतो, गुंड्याकडे बघतो, आणि पुन्हा मिटतो. एवढंच.

बाई उठून उभ्या राहिल्या होत्या. केव्हा उठल्या मला कळलं नाही. "बाई गं," असं अगदी हळू म्हणाल्या. मी त्याला दोनदा पोटाखालून परत नेलं. दोन्ही वेळा डोळा उघडला तेव्हा बाईंनी श्वास रोखला.

मग त्यांनी विचारलं, हे ज्यांनी काढलं त्यांना कळवता येतं का. मी म्हटलं, येतं की, गेमच्या पानावर खाली लोक आपापलं मत लिहितात. त्यांना दोन-चार वाचून दाखवली. एकाने "भारी" लिहिलं होतं, एकाने दरी फार अवघड आहे अशी तक्रार केली होती. बाई वैतागल्या. अरे, काय पाहिलंत ते सांगा की, म्हणाल्या, आणि मला लिहायला बसवलं. कपडे, बशीचा टवका, बसणारा गाळ, लांबचा डोंगर, सगळं सांगितलं. मराठीतच लिही म्हणाल्या, त्यांना गरज असेल तर विचारतील कुणाला तरी. मी खाली नाव टाइप करणार, तर त्यांनी थांबवलं.

त्या माणसांनी हाताने काढलंय, त्या म्हणाल्या, आणि आपण नुसतं टाइप करून पाठवायचं? बरं दिसत नाही ते.

आतून कागद आणला. पेन्सिल आणली, तिला टोक मी करून दिलं. बाई जेवणाच्या टेबलाशी बसल्या आणि डाव्या हाताने उजवं मनगट धरून गुंड्या काढू लागल्या. खूप वेळ लागला. एक कान, दुसरा कान, घोंगडी. रेघ कुठेच सरळ गेली नाही, सगळीकडे थरथरली, पाठीवर तर दोनदा भलतीकडेच गेली. मी बोटसुद्धा दाखवलं नाही. डोळे भरून आले होते, म्हणून खिडकीकडे बघत उभी राहिले.

काढून झाल्यावर बाईंनी कागद हात लांब करून धरला. कागद हलत होता, गुंड्याही हलत होता. मला वाटलं, आता फाडतात. त्यांनी चष्मा नीट केला, पुष्कळ वेळ बघितलं आणि कागद माझ्याकडे दिला.

"घे फोटो," म्हणाल्या. "पाण्याखाली राहतो तो. एवढं हलायचंच."