ढोबळ्यांचं पोतं

नामदेवराव ढोबळे माणसाशी बोलताना त्याच्या तोंडाकडे पाहत नसत; कोपराच्या आतल्या शिरेकडे पाहत. वय पन्नाशीचं, काम धंतोलीतल्या एका लॅबमध्ये रक्त तपासायचं. सक्करदऱ्यात आमच्या समोरच्या खोल्यांत ते एकटेच राहत. माडीवर दोनच बिऱ्हाडं आणि दोघांत मिळून एक लाकडी जिना.

"मास्तर, तुमचं रक्त सायीचं असन," पहिल्याच भेटीत ते मला म्हणाले. "नळीत ठेवलं तं वर लोणी येईन."

मी हातातला आलूबोंडा खाली ठेवला.

लग्नाच्या पंगतीतही ते वाढप्याला अडवत. "त्याले तूप नको गा. त्याची नळी पाहिली म्या." लोक हसत. पण एखाद्याच्या हाताकडे पाहून ढोबळे काहीच बोलले नाहीत, की त्याची बायको दुसऱ्या दिवशी त्याला डॉक्टरकडे घेऊन जाई.

लिव्हरवर त्यांचा विशेष जीव. "मुकं जनावर आहे ते. चरबीत बुडून राहते, पण ओरडत नाही." त्यावर उपाय एकच, वजन उचलणं. "डॉक्टर म्हणते, चाला. चाला ना! पण उचला बी. माह्या नळीतली साय हटून राहिली, ते काहून?" लॅबच्या डॉक्टरांना हे पटत नसे. एका माणसाच्या रक्तावरून काय ठरतं, असं ते म्हणत. ढोबळे ऐकून घेत आणि दर तीन महिन्यांनी स्वतःचं रक्त काढत.

आणीबाणी उठली त्या साली मे महिन्यात मला शाळेची सुट्टी होती. दुपारी लू चालायची, गल्लीतलं एकही दार उघडं नसायचं. अशात एके दुपारी जिन्यावर पावलं वाजली. जड, एकेक पायरी थांबत. आणि ढोबळ्यांचा आवाज, अगदी हळू : "झालं वं. तीनच पायऱ्या. भिऊ नको."

पावलं खाली गेली. थोड्या वेळानं वर आली. पुन्हा खाली.

"कोणाशी बोलते जी ते?" बायकोनं माझा हात धरला. आई आत झोपली होती. मी दार उघडलं.

ढोबळे जिन्याच्या मधोमध उभे होते, घामानं निथळत, डोळे मिटलेले. दोन्ही हातांवर आडवं धरलेलं वाळूचं पोतं. पोत्यावर बाईमाणसाची शाल, एका टोकाला नीट खोचलेली. डोकं असावं तिथं त्यांनी कोपर वर उचलून धरलं होतं. 

त्यांनी डोळे उघडले. लाजले नाहीत.

"बावन्न किलो," ते म्हणाले. "शांतीचं वजन."

शांता त्यांची बायको. आम्ही इथं राहायला यायच्या आधीच लिव्हरनं गेली. तिचं रक्त त्यांनी स्वतः तपासलं होतं, त्यामुळं सगळं आधीच माहीत होतं. शेवटच्या दिवशी तिला खाली रिक्षापर्यंत न्यायचं होतं.

"माह्यानं उचललीच नाही गेली, मास्तर. दोन पायऱ्यांत दम लागला. तिले जिन्यावर बसवून माणसं बोलवाले धावलो. आलो तं..."

ते पोतं घेऊन वर गेले.

जूनमध्ये एका सकाळी आई न्हाणीत पडली. मी नुसताच हाका मारत राहिलो. ढोबळे आले, वाकले, आणि आईला दोन्ही हातांवर घेऊन जिना उतरले. त्यांचा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता.

आठ दिवसांनी आई दवाखान्यातून घरी आली. संध्याकाळी ढोबळे दारात उभे राहिले. आत येईनात.

"माई, एक विचारू?" ते म्हणाले. "उतरवताना कुठं दुखलं तं नाही ना?"

"नाही गा," आई म्हणाली. "लेकरू न्यावं तसं नेलं तू मले."

ढोबळे उंबऱ्यावरच खाली बसले. बायकोनं चहा आणला, तो निवला. आम्ही दिवा लावला तरी ते उठले नव्हते.